बसलेले बावीस

निकालाचा बॅनर लावला त्याच रात्री
वाऱ्यानं त्याचा एक कोपरा सोडवला.
आता दिवसभर तो खिडकीवर आपटत असतो,
शंभर टक्के, शंभर टक्के,
आणि मी स्टाफरूममध्ये तक्ता भरते आहे.

प्रवर्ग. लिंग. अल्पसंख्याक. बसलेले. उत्तीर्ण.

मी मूळची बार्शीची.
चौदा वर्षांपूर्वी या बंदरात बदली झाली तेव्हा
खारवी म्हणजे खारवलेलं काहीतरी असेल असं वाटलं होतं.
आता आडनाव ऐकलं की वाडी कळते,
वाडी कळली की पोर किती वाजता उठतं तेही.
जाक्कर, पावसे: पहाटे तीनचा लिलाव,
पहिल्या तासाला झोपलेले, हाताला कोळंबीचा वास.
मी त्यांना उठवत नाही. इतिहास दुसऱ्या तासालाही तोच असतो.
गोरिवले सड्यावरून येतात, दोघी बहिणी, एक छत्री.
मोहल्ल्यातली मुबश्शिरा परकार:
कुवेतहून वडिलांचा फोन रात्री अकराला,
तोवर जागायचं म्हणून भूमिती. शंभरात अठ्ठ्याण्णव.
सुजित तांबेच्या बापाचं नाव आहे जुन्या पटावर,
आठवीपर्यंत, मग लाल रेघ.
सुजितला अठ्ठ्याहत्तर टक्के. मी ती जुनी वही
त्याला दाखवावी की नाही, अजून ठरत नाही.
आणि सबिना घर्ती, हापूसच्या बागेतल्या राखणदाराची,
मराठीत वर्गात पहिली.
तिची मातृभाषा भरायला तक्त्यात जागा एकच: इतर.

बसलेले बावीस, उत्तीर्ण बावीस.

पट तेवीसचा होता.

बाळकू हिलम, कातकरवाडी.
श्रावणात एकदा पिशवीभर चिंबोऱ्या घेऊन आला,
मी किंचाळले तर हसला नाही,
मागून कसं धरायचं ते दाखवलं, अंगठा इथं, बाई.
गणितात एकदाच त्यानं आपणहून तोंड उघडलं:
उणे म्हणजे ओहोटी काय?
मी म्हटलं, नाही, तसं नसतं, खाली बस.
(तसंच असतं. हे मला घरी भांडी घासताना कळलं.)

ऑक्टोबरात फॉर्म भरायची वेळ आली.
हेडसर काही वाईट माणूस नाही. फक्त म्हणाले,
निकाल पडला तर पोरं दापोलीला इंग्रजीत जातील,
पोरं गेली की पट पडेल, पट पडला की एक पद.
कुणाचं ते म्हणाले नाहीत.
सेवाज्येष्ठतेच्या यादीत शेवटचं नाव माझं आहे.
मी मोबाइलवर भागाकार करून पाहिला:
पंचाण्णव पूर्णांक पासष्ट.

मीच गेले कातकरवाडीत. त्याच्या आईनं
पाट नव्हता म्हणून गोणपाट झटकून दिलं.
म्हटलं, यंदा नको, तयारी कच्ची आहे,
पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरू, मी स्वतः भरीन.
मी गोड बोलते. मुलांना माझा राग येत नाही.
त्यानं मान हलवली, जसा तो
वर्गात न समजलेल्या गोष्टींना हलवायचा.

शाळा सोडल्याचे कारण: यादीतून एकच निवडा.
मी स्थलांतर निवडलं.
तो कुठंही गेलेला नाही.
काल ओहोटीला तरीची वाट बघत उभी होते
तर जेटीच्या खांबांमध्ये, गुडघाभर चिखलात,
कपारीत हात घातलेला तोच.
हात तसाच ठेवून वर बघितलं.
बाई, तो सतराचा फारम आला काय?

मी म्हटलं, येईल.
तरी लागली. तिकिटाचे सुटे माझ्याकडे होते,
तरी मी पर्समध्ये बराच वेळ शोधत राहिले.

बॅनर आपटतो आहे.
शिपायाला सांगायला हवं, कोपरा बांध म्हणून.