या नावांनीही

मूळ प्रत आहे का, रेनाटानं काउंटरपलीकडून विचारलं.
आहे म्हटलं. शिक्का उठावाचा आहे, बोट फिरवून बघ.
तिनं खरंच फिरवलं.

डुलुथमधला नोव्हेंबर. साडेचारलाच दिवे लागलेले.
आधी सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत दोन तास,
मग लायसन्सची रांग (फोटोत माझे डोळे मिटलेले),
आणि आता बँक.
क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून,
असं ऑफिसातल्या तिघींनी बजावलं होतं,
तिघींचा क्रम वेगळा.

पर्समध्ये आर्डिस मावशीचा चेक,
लग्नाचा आहेर, दोनशे डॉलर,
मार्नी वुओरी नावाच्या बाईला,
जिचं कुठल्याच बँकेत खातं नव्हतं.
पाच आठवडे ती बाई
माझ्या पर्समध्ये घडी होऊन पडली होती.

रेनाटानं टॉल्फसन काढलं.
म्हणजे एक कळ दाबली, मग दुसरी.
याच खिडकीशी बाबांनी सात वर्षांच्या मला
काखेत धरून वर उचललं होतं
आणि नऊ डॉलर भरून म्हणाले होते,
आता तुझ्या नावावर काहीतरी आहे.

नवी सही कर, ती म्हणाली.
पहिलं अक्षर नीट आलं.
दुसऱ्याला हात सवयीनं
जुन्या वळणावर निघाला,
घोडा तबेल्याकडे निघावा तसा.
तिनं न बोलता दुसरा कागद सरकवला.

घराच्या कर्जासाठी मागवलेला क्रेडिट रिपोर्ट
शनिवारी टपालानं आला.
मला धास्ती होती कोऱ्या पानाची:
वुओरी लावणारी ही बाई कोण, कालच जन्मली की काय,
हिला कोण उसनं देणार?
ईनो टेबलाशी बसून मोठ्यानं वाचत होता,
शेगडीवर माशाचं सूप.

या नावांनीही ओळख:
मार्नी टॉल्फसन.
मार्नी टोलेफसेन. (फर्निचरवाल्याची चूक.
सोफा केव्हाच गेला, चूक टिकली.)
मार्नी पेल्की.

पेल्की त्याला ठाऊक होतं.
बावीसाव्या वर्षी, अकरा महिने.
तिसऱ्या भेटीतच सांगून टाकलं होतं,
गाडीचा हीटर चालू ठेवून.
सांगितलं नव्हतं ते खालच्या ओळीत होतं.
वाहन कर्ज. हप्ते बहात्तर. उशीर शून्य.

ट्रक? तो म्हणाला.

ट्रक डुआन घेऊन गेला होता डकोटाकडे,
मागच्या सीटवर माझा रेनकोट तसाच.
कर्जाच्या कागदावर दुसरी सही माझी.
सहा वर्षं, दर महिन्याच्या तीन तारखेला,
मी एका न दिसणाऱ्या ट्रकचं भाडं भरल्यासारखं भरत गेले.
हे सगळं सांगायला तोंड उघडलं
आणि एवढंच आलं: सही माझी होती ना.

ईनोनं कागद उलटा ठेवला, मग पुन्हा सुलटा केला.
हिवाळ्यात तो गोदीत जहाजं रंगवतो.
म्हणाला, जहाज विकलं गेलं की नाव बदलतं.
वेल्डिंगची जुनी अक्षरं आम्ही घासतो,
वरून दोन हात रंग देतो,
पण तिरपं ऊन पडलं की
आणि सूप उतू गेलं.

सोमवारी मी ब्यूरोला फोन लावला.
चाळीस मिनिटं तीच एक धून.
टोलेफसेन काढा, चूक आहे.
काढलं, पलीकडची मुलगी म्हणाली.
पेल्कीही काढण्याचा अर्ज करायचाय का?

बंदरात कुठलंसं जहाज भोंगा देत होतं,
लांब, आखूड, लांब, आखूड,
आणि उचलपुलानं त्याला तसंच उत्तर दिलं.
नको, राहू दे, मी म्हटलं.
त्या नावानं बाकी काही केलं नसेल,
पण मी ते बुडू दिलं नाही.

तिला यातलं काही कळलं नसावं.
बरं, ती म्हणाली, आत्ताच्या आडनावाचं स्पेलिंग?
मी सांगितलं. मधलं एक अक्षर चुकलं.
थांबा हं, मी म्हटलं,
पुन्हा पहिल्यापासून.