मालक एक हजार एक

वाल्दिविआत जुलै म्हणजे ओल्या सरपणाचा धूर
आणि पाचलाच लागलेला दिवा.
जुना संगणक शनिवारी गेला,
पंखा आधी कण्हला, मग गप्प.
डिस्क मात्र जिवंत होती.
ती काढून मी नव्या डब्यात बसवली,
बाबांच्या नावाचं खातं उघडलं, एलेउतेरिओ,
आणि त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली: बघा.

त्यांनी फोल्डर दाबला.
परवानगी नाही.

एकतीस वर्षं रोज सकाळी मोजलेली नदीची पातळी,
आधी वहीत, मग एका बोटाने संगणकात चढवलेली,
आणि त्यांनाच मज्जाव.
"हे नदी म्हणतेय की तू?" त्यांनी विचारलं
आणि चुलीवरची किटली बघायला उठून गेले.

मी काळी खिडकी उघडून यादी मागवली.
मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं.
एक हजार एक.
जुन्या यंत्रावर हा आकडा म्हणजे बाबा.
नव्यावर बाबा एक हजार,
आणि एक हजार एक नावाचं कोणी जन्मलंच नव्हतं.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
इथे वासे जागच्या जागी होते,
दारावरची पाटी तेवढी कोणाला वाचता येईना.

रात्रपाळीहून आलो होतो, डोळे चुरचुरत होते.
सातशे सत्त्याहत्तर ठोकलं,
सगळ्यांना सगळं, वाचा, खोडा, चालवा,
बाबांचं, माझं, साऱ्या घराचं,
एका ओळीत धर्मशाळा.

नदी उघडली. बाबा हसले,
एकोणीसशे ब्याण्णवचा पूर शोधायला लागले.

पण अंतोफागास्तात नोल्फाच्या संगणकाशी जोडणारी
माझी किल्ली चालेना.
ही किल्ली कोणीही वाचू शकतो,
म्हणून मी ती धरणार नाही,
असं यंत्राने लिहिलं.
इतक्या सभ्यपणे मला या घरात कोणी रागावलेलं नाही.

नोल्फाचा फोन.
"रेमी, सगळं उघडं टाकलंस ना?"
"नाही."
"किती?"
"सातशे सत्त्याहत्तर."
तिकडे वाळवंटात ती बराच वेळ बोलली नाही.

मग मी दुसरी चूक केली, घाईची, धाकट्या भावाची:
सरसकट सहाशे चव्वेचाळीस.
आता नावं दिसत होती,
पण पुढे ना तारीख, ना आकार,
प्रश्नचिन्हांची रांग,
काचेपलीकडून हात हलवणाऱ्या माणसांसारखी.
"फाइलला चालवणं म्हणजे चालवणं," ती म्हणाली,
"फोल्डरला चालवणं म्हणजे उंबरा ओलांडणं.
तू भिंती नीट केल्यास आणि उंबरे काढून नेलेस."

रात्री अकरापर्यंत बसलो.
आधी मालकी: जे एक हजार एकचं ते एक हजारचं.
मग मोठ्या लिपीतला एक्स,
जो फक्त फोल्डरांना वाट देतो, फाइलींना नाही.
किल्ली फक्त माझी, वाचायला, लिहायला.
सहाशे. तिने मुकाट्याने कुलूप उघडलं.

बाबा जागेच होते.
"हे असं," त्यांनी घसा साफ केला,
"एखादं खोकं असं करता येतं का
की फक्त मलाच दिसेल?"
"येतं."
"तुलाही नाही?"

खरं सांगायचं तर मला दिसतं.
ज्याच्याकडे मूळ खात्याचा पासवर्ड
त्याच्यापुढे सातशे काय नि शून्य काय,
पडदा आहे, भिंत नाही.
हे मी त्यांना सांगितलं.
त्यांनी जरा विचार केला.
"म्हणजे तुझ्यावर आहे."
"हो."
"मग कर."

फोल्डरचं नाव त्यांनी स्वतः टाकलं, एका बोटाने.
मी तेवढा वेळ चुलीत लाकूड सारत होतो.
लाकूड ओलं होतं, पेटायला वेळ लागला,
आणि मी लागू दिला.