मनकवडी

चक्की चालू असली की मला कोणाचंच ऐकू येत नाही,
म्हणून मी वाचते.

गहू उतरत असतो, पट्टा थडथडत असतो,
आणि मांडीवरच्या पुस्तकात
एका मुलीला आंघोळीचं पाणी विसणताना कळतं
की डोंगरापलीकडे कोणीतरी आत्ता
तिचं नाव मनात घेतलं.
पान एकसष्ट.
हात कितीही झटकला तरी पिठाचं बोट उमटतंच.

पुस्तकं आणतो दिगांबर ठवकर, आर्वी डेपोचा कंडक्टर.
तालुक्याच्या वाचनालयात माझ्या नावाचं कार्ड आहे,
मी तिथली पायरी चढलेली नाही.
शेवटच्या फेरीला बस थांबते,
खिडकीतून पिशवी खाली येते:
"घे व, तुयी मनकवडी."
मला असलीच लागतात.
ज्यात माणसांना आधीच कळतं,
ज्यात अशा माणसांचं एक आख्खं गाव असतं
आणि रात्री उशिरा पोचलेल्या पोरीला तिथे
आधी भाकर वाढतात,
तू कोणाची, हे विचारतच नाहीत.

माझ्याआधी कोणीतरी हीच पुस्तकं वाचतं.
माणूस हवेत तरंगला की समासात पेन्सिलीने लिहितं, "थापा".
पण मुलगी दाराशी उभी राहते, हाक मारत नाही,
आणि दार उघडतं,
तिथे नुसती एक बारीक रेघ.
मीही तिच्याखाली एक ओढली.

रंगारी गुरुजी ज्वारी घेऊन येतात, कानाशी ओरडतात,
"खोटं आहे हे सगळं!"
माहीत आहे गुरुजी.
खोटं आहे म्हणून तर चवीने वाचते.
खरं मी नऊ वर्षांची असताना पाहिलंय.
अंजिराबाई म्हणाली होती, शाळेची मागची भिंत पडते,
पोरं बसवू नका तिथं.
रविवारी रात्री पडली. कोणाला खरचटलंही नाही.
तुला कसं कळलं, असं कोणी विचारलं नाही.
काय केलं तुनं, असं विचारलं.
गुरुजी नवे होते तेव्हा, एकटेच बोलले,
अरे, ती रोज तिथून शेण वेचते, तिला तडा दिसला असेल.
माझा बाप बोलला नाही. चक्की चालू होती.
ती दोन बकऱ्या घेऊन पहाटे लेकीकडे गेली
आणि दळणाचा डबा आमच्याकडेच राहिला,
झाकणावर ऑइलपेंटने "अं".

उंदीर लागू नयेत म्हणून
पुस्तकं मी त्याच डब्यात ठेवते.

आता मलाही कळतं काही काही.
झाकणावर हात कसा ठेवला त्यावरून
जाड दळायचं की बारीक.
शकुनचा नवरा परत आला, हे गावाच्या आधी
तिच्या गव्हाने सांगितलं, दुप्पट होता.
देवकाच्या घरी सकाळीच चार किलो चणाडाळ निघाली,
म्हणजे पाहुणे येतात पोरीला पाहायला,
आणि पोरगी डबा देताना माझ्याकडे बघत नव्हती,
म्हणजे तिला नको आहेत.
याला गुरुजी निरीक्षण म्हणतात.
म्हणोत.
मी कोणाला सांगत नाही. अंजिराबाई सांगून बसली.

काल साडेतीनला लाईट गेली.
पट्टा फिरत फिरत थकला, आणि एवढी शांतता झाली
की बाहेर कोंबडी पाय घासते तेही ऐकू यावं.
सात बाया, पोत्यांवर.
"काय वाचून राह्यली व इतकं?"
मी काय सांगणार. वाचूनच दाखवलं, एकसष्टपासून.
कोणी हसलं मधेच. मग हसेनासं झालं.
देवकाची पोरगी दारातून आत सरकली.
मुलगी नदी उतरून त्या गावाच्या वेशीपर्यंत आली होती,
अंधार पडत होता,
आणि लाईट आली.

रांग मोठी होती. खटका दाबला.
पोरीचे ओठ हलले, एवढंच दिसलं:
मंग? घेतलं का तिले थ्या गावात?

मी अजून तिथवर वाचलेलं नाही.
मान हलवली. हो.