काटा

हाप्सालूचा समुद्र गोठला की
गाळ टाकीतून येतो,
बर्फाआधी उपसून ठेवलेला,
काळा, लोण्यासारखा,
वास सडक्या अंड्यांचा.
नवीन आलेल्या बाया नाकाला रुमाल लावतात.
मी बावीस वर्षांत लावलेला नाही.

मंगळवारी साडेदहाला एंडेल येतो.
कंपवात.
उजवा हात असा हलतो
जणू कोटाच्या बाहीत
जिवंत मासा लपवून आणलाय.
"गोळी घेतली?" मी आधी हेच विचारते.
"आठ वाजता."
गोळी गोळीच्या जागी, गाळ गाळाच्या.
डॉक्टर मारेटनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
तेव्हा मला राग आला होता,
माझ्या बादलीचा कुणी अपमान केल्यासारखा.

चाळीस अंश.
आधी कोपर बुडवून बघते, थर्मामीटर मागाहून.
चादर, चादरीवर गाळ, गाळात हात,
वरून आणखी गाळ, मग लोकरीची घोंगडी.
चौथ्या मिनिटाला हात विसरतो.
थांबतो, असं मी म्हणत नाही.
विसरतो.

एंडेल मासळीच्या कारखान्यात वजनं करायचा.
एकतीस वर्षं तराजूसमोर उभा.
"काटा थरथरत असतो, हेल्वी.
बघत राहायचं.
घाईने आकडा लिहिला
की कुणाच्या तरी पोटावर पाय.
स्थिर झाला, की मगच लिहायचं."
आता मीच काटा झालोय, म्हणतो,
आणि वही घेतलेला माणूस कुठे दिसत नाही.
हसतो,
पण चेहरा हसत नाही.
आजार तिथवर पोचलाय.
त्याचं हसू आवाजात शोधायला
मला एक हिवाळा लागला.

पडद्यापलीकडे मेटा.
तिच्या बरगड्यांवरून तीन वर्षांपूर्वी नागीण गेली,
गेली, पण वाट मागे ठेवून गेली.
सदरा टेकला तरी आग.
तिला गाळ सोसत नाही.
ओटच्या पाण्यात भिजवलेल्या गार घड्या,
त्याही न दाबता, नुसत्या ठेवायच्या,
झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तशा.
"ह्याने काही होत नाही," ती दर वेळी सांगते.
पुढच्या आठवड्याची वेळही
दर वेळी घेऊन जाते.
एकदा विचारलंच, मग येता कशाला?
म्हणाली, इथे मला कुणी मिठी मारत नाही.

विसाव्या मिनिटाला घंटी.
गरम पाण्याची नळी धरते.
गाळ ओघळतो, आधी मनगट दिसतं,
मग नखं,
मग हाताला सगळं आठवतं.

आज नवीन कागद आलाय वरून.
प्रत्येक रुग्णाचा आकडा हवा,
कंप शून्य ते दहा, वेदना शून्य ते दहा,
आधी, नंतर, सही.
एंडेलला पेन्सिल धरवत नाही,
म्हणून मीच घेतली.
"काय लिहू?
गाळातला आकडा की बाहेरचा?"

तो बराच वेळ काही बोलला नाही.
खिडकीबाहेर खाडीवर
कुणी बर्फाला भोक पाडून स्टुलावर बसलं होतं,
पाठमोरं, गळ सोडून.
"ओल्या मालाचं वजन लिहीत नाहीत,"
एंडेल म्हणाला.
"निथळू दे."

म्हणून बाकावर बसलोय आम्ही.
त्याच्या कोपरावरून थेंब पडतात लादीवर,
एक, मग बराच वेळ नाही, मग दोन.
अकराची बाई बाहेर खोकते आहे.
माझीही मनगटं ठणकतात, बादल्यांची,
त्यांना कुठलाच रकाना नाही.
पेन्सिल कागदावर टेकवलेली नाही मी अजून.
काटा बघतेय.