स्क्रोल लॉक, दोनदा

टेबल लहान, म्हणून स्क्रीन एकच.
खाली दोन मशिनी. बाबांची,
भिंतीला पाठ टेकून घुरघुरणारी,
आणि माझी, हैदराबादहून कुरिअरने आलेली,
जिच्यावरचं कंपनीचं स्टिकर सोलायला मनाई आहे.
मध्ये ती डबी, जेल रोडची,
साडेआठशेची सातशेला.
नीमाभिया म्हणाला होता, "एक कीबोर्ड, एक माउस, घर में शांति."

डबी इकडचं तिकडे काही नेत नाही.
ना फाइल, ना फोटो, ना अर्धी ओळ.
नेते फक्त हात आणि डोळे.
ज्याचा दिवा हिरवा, त्याला हात मिळतात.
दुसरी तोवर टेबलाखाली
पंखा फिरवत बसून राहते,
अर्ध्यात सोडलेलं वाक्य तोंडात धरून.

रोडवेज बंद पडलं त्या वर्षी
बाबांनी पत्रिकेची सीडी घेतली.
ती नव्या मशीनवर चालत नाही.
"ग्रहांना कसलं आलंय नवं-जुनं," बाबा म्हणतात.
माझ्या रुंद स्क्रीनवर त्यांची चौकोनी कुंडली
आडवी फुगते, बाराही घरं लठ्ठ,
सप्तमातल्या शनीचं पोट सुटलेलं.
"सुदामा नगरात राहतो ना, रोज पोहे-जिलबी."

बदलायचं तर स्क्रोल लॉक दोनदा, पटकन.
जन्मात कुणी हात न लावलेल्या त्या कळीला
आमच्या घरी नोकरी लागली.
पण बाबांचं पटकन म्हणजे
पहिल्या नि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये
चष्मा वर करणं, एक सुस्कारा.
डबीला वाटतं, ही दोन वेगळी माणसं.
ती हलत नाही.
बाबांची नजर कळांवर,
स्क्रीनकडे बघतात ते थेट पूर्णविरामाला,
तोवर भंवरकुआंच्या कुणा बाळाचा रवि
माझ्या कंपनीच्या तक्त्यात शिरलेला असतो.

आणि तिथे तो रवि नसतो.
बाबांचा जुना फाँट त्या बाजूला नाही,
तिथे उमटतं नुसतं जे, एफ, ओ, ओ.
(ओ दोनदा, कारण त्या कळीखाली
दिवाळीपासून शेव अडकली आहे.)
मी ओरडायचे, "बाबा, दिवा बघा ना आधी!"
ते वळून देवघराकडे बघायचे.

मग कधीतरी मला ते वाचता यायला लागलं,
फाँटशिवाय, उघडंच.
जे म्हणजे र. टी म्हणजे ज.
एस म्हणजे मात्रा.
कुणी शिकवलं नाही,
चुका निस्तरता निस्तरता बोटांना कळलं.

परवा मंगळवारी रात्री साडेदहाला
गच्चीत जाऊन फोनवर बोलत होते,
कुणाच्या तरी देशातली सकाळ होती.
खाली आले तर दिवा माझ्याच बाजूचा,
आणि वेंकटच्या खिडकीत, माझ्या नावाने,
गेलेली एक ओळ:
टी, एस, ओ, ओ.
त्याखाली वेंकटचा प्रश्न,
हे काय आहे? नवं तिकीट?

टेबलाखाली बाबांची मशीन जागी होती,
पडद्याविना, एका जन्मवेळेवर थांबलेली.
बाबा आत, पाठ करून आडवे.
चुकून झालं की मुद्दाम,
विचारावंसं वाटलं आणि नाही विचारलं.
चुकून म्हणाले असते तर?

वेंकटला लिहिलं, हो, नवं. माझ्याकडेच आहे.
मग ताटावरचं ताट उचललं.
खिचडी गार, कढीवर साय धरलेली.
उभ्यानेच जेवले, डाव्या हाताने माउस हलवत राहिले
म्हणजे हैदराबादला मी जागी दिसेन.
शेवटच्या घासाला लिहिलं, तिकीट बंद.

आतून आवाज आला, "लोणचं फळीवर होतं."
हे मात्र तोंडाने.