काळी चार

मेसामधलं घर घेतलं तेव्हा तलावही सोबत आला,
रुखवतात आलेल्या फ्लॉवरपॉटसारखा.
आम्हा दोघांनाही पोहता येत नाही.

पंप होता मागच्या कुंपणाशी, कण्हेरीआड.
अकरा वर्षं जुना, दीड घोड्यांचा.
मार्चमध्ये त्यानं तोंड उघडलं.
श्रीरंग म्हणाला, किंचाळतोय.
मी म्हटलं, नाही, सूर लावलाय. पेटीवर पडताळलं:
काळी चार.
पंधरवड्यात काळी पाच.

अप्पा मिरजेच्या पाणीपुरवठ्यात पंपावर होते.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून ऐकायचे,
पलीकडच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारे ऐकतात, तसे.
मीही तेच केलं, सकाळी सहाला, गाऊनवर.
शेजारचे ऑर्डवे कुत्र्यासकट थांबून बघत राहिले.
आत कुणीतरी वाळू चावत होतं.

दुकानात डेल्फिना नावाची बाई.
मी म्हटलं, तीन घोड्यांचा दाखव.
"पाइप केवढा?"
"दीड इंची."
"मग एवढे घोडे पळवणार कुठून, बोळातून?"
बिलाच्या पाठीवर तिनं गणित मांडलं:
चौदा हजार गॅलन, आठ तासांत एक फेरा,
म्हणजे मिनिटाला तीस. बस.
वळणं किती, चढ किती, फिल्टर किती सोसतो.
"वेग बदलणारा घे. हळू चालव, जास्त वेळ चालव.
वेग निम्मा केलास
की वीज आठवा हिस्सा लागते."
हे मला तिशीत कुणी का सांगितलं नाही?

नव्या पंपाला आधी पाणी पाजावं लागतं.
बादलीनं, काठोकाठ, मग झाकण, मग वाट बघणं.
पारदर्शक झाकणाआड पाणी चढताना दिसतं,
आधी नुसते बुडबुडे, थुंकी,
आणि मग एकदम काच असल्यासारखं शांत.
अप्पा म्हणायचे, रिकाम्या पोटी ओढायला लावू नका,
जळतो.

आता दर सोमवारी आणि शुक्रवारी टोपली.
आधी स्विच, मग झडप, मग झाकण;
क्रम चुकला की हवा धरतो.
टोपलीत पालो वर्देची पिवळी फुलं,
मेस्कीटच्या शेंगा, धुळीच्या वादळानंतरचा चिखल,
एकदा विंचू, जिवंत, माझ्याइतकाच दचकलेला,
एकदा प्लास्टिकचा हिरवा सैनिक, बोटाएवढा,
आमच्याआधीच्या कुणाच्या पोराचा,
कुठल्या पाइपात इतकी वर्षं दबा धरून होता कोण जाणे.
तो आता खिडकीत पहारा देतो.

जोडावरचं रबरी कडं काढलं की मनगटात घालते,
हरवू नये म्हणून. माप बरोबर दोन-सहा.
सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, व्हॅसलीन नाही, रबर फुगतं.
गेल्या संक्रांतीला तसंच राहिलं हातात.
मंडळाच्या हळदीकुंकवात वाण देता देता
मृणालिनी म्हणाली, अय्या, काळ्या बांगड्या कुठे मिळाल्या?
मी म्हटलं, कण्हेरीमागे.

रात्रीची वीज स्वस्त, म्हणून तो रात्री चालतो.
चालतो म्हणजे, चालत असावा.
इतका गप्प, की श्रीरंगला झोप लागेना.
अकरा वर्षं घोरणाऱ्याशेजारी झोपलेल्या माणसासारखा
उठून बसायचा: बंद पडला का गं?

जुलैतल्या एका रात्री अंथरूण रिकामं.
मी मागचं दार उघडलं.
कुंपणाशी वाकलेला, पायजमा पोटऱ्यांपर्यंत वर,
माझा स्क्रूड्रायव्हर त्याच्या कानाशी.
"उलटा धरलायस," मी म्हटलं.
त्यानं फिरवला. डोळे मिटले.
ऑर्डव्यांचा कुत्रा एकदा भुंकला, मग त्यालाही कंटाळा आला.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
"आहे. अगदी खाली आहे काहीतरी."
"कुठली पट्टी?"
"मला काय कळतंय त्यातलं. पेटी आण."

रात्रीचे दोन, पंचाण्णव अंश.
मी आत गेले, पेटी आणायला.