बारदान वजा जाता

लाभ, दोन, तीन.
पोती मोजताना एक म्हणत नाहीत,
एकटेपण गाडीत चढू नये म्हणून असेल.
तुझा बाप मोजायचा, मी लिहून घ्यायचो
आणि तू पालथ्या क्रेटवर बसून
त्या मोजणीच्या फटींमध्ये शब्द कोंबायचास.
सतरा वर्षांचे होतो, धैर्या.
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात
पहाटे तीनला दुसरं करण्यासारखं काय होतं?

नाव मीच सुचवलं : पन्नास किलो.
तू काट्यावर उभा राहिलास.
एकोणपन्नास भरलास,
खिशातला मोबाइल धरून.

सानपाड्याच्या पुलाखाली
घणसोलीच्या पोराला तू हरवलंस.
बक्षीस मिळालं एका कानात वाजणारं हेडफोन.
तो कान आपण आलटून पालटून लावला
कोपरखैरण्याच्या माथाडी चाळीपर्यंत, चालत.

मग तुझं गाणं टेम्पोवाल्यांची रिंगटोन झालं.
मग शाळेतल्या पोरांच्या वहीवर तुझं नाव.
मग एक माणूस आला पांढऱ्या बुटांत,
गाळ्यातला चिखल चुकवत,
म्हणाला, हे सगळं असंच ठेवा, फार खरं आहे.

व्हिडिओत तुझ्या पाठीवर पोतं होतं.
मी तोलणार आहे.
मला मानेवरून कळतं.
आत थर्माकोल होता, हे जुईनगरच्या स्पॉटबॉयनं
नंतर सांगितलं. आधीच माहीत होतं मला.

खारघरला चोविसाव्या मजल्यावर
तात्यांना अडीचला जाग येते.
डोक्याला फडकं गुंडाळून ते लिफ्टनं खाली उतरतात,
वॉचमनशेजारी खुर्ची टाकून
गेटातून आत येणाऱ्या गाड्या मोजतात.
लाभ, दोन.
तिसरी यायला कधी कधी अर्धा तास लागतो.

तुझा फोन यायचा तेव्हाच.
काही सुचत नाही रे. एक ओळ दे.
दिली. मग अजून तीन दिल्या.
हिशेब मागत नाही मी,
तोलणाऱ्याला तो पाठच असतो.
फक्त एकदा, त्या मोठ्या मैदानातल्या शोला,
वाटलं होतं की माइक तपासताना तू लाभ म्हणशील,
पूर्वी म्हणायचास तसा.
माइक दुसऱ्याच कुणी तपासला.
वन टू, वन टू.
तू मागे व्हॅनमध्ये ओकत होतास, असं ऐकलं.

परवा आलास. डोक्यावर हूड,
गाडी दोन नंबरच्या गेटाबाहेर, इंजिन चालू.
सर्जेरावांना म्हणालास, एक पोतं द्या पाठीवर.
सर्जेरावांनी विचारलं,
खरं देऊ, का शूटिंगचं?

अकरा पावलं.
बाराव्याला गुडघा गेला
आणि कांदे पळाले ट्रकखाली, गटारात, चाकांमागे.
कुणी हसलं नाही.
नव्या हमालाचे गोळा करतात
तसे सगळ्यांनी वाकून गोळा केले.
माझ्या हातात मोबाइल होता.
चाळीस सेकंद.

तुझ्या मॅनेजरला कुणीतरी कळवलं.
सकाळी सहाला त्याचा फोन :
पाठव, हे तुफान चालेल, याची गरजच आहे आत्ता.
मी म्हणालो, मोबाइल बटाट्याच्या गाडीत पडला,
गाडी आत्ताच निघाली नाशिककडे.
बटाट्याची गाडी नाशिककडे कशाला जाईल,
हे त्याला कळलं नाही.

त्या रात्री तुला काट्यावर उभं केलं होतं.
ब्याऐंशी.
साखळी, घड्याळ, जॅकेट, बूट उतरवायला लावले,
मालाचं बारदान वजा करतात तसे.
सत्याहत्तर.
तरी खूप होतं रे.
मी पावतीवर काहीच लिहिलं नाही.

तू अनवाणीच क्रेटवर बसलास,
कांद्याची सालं चुरगाळत, ओठ हलत होते.
नवीन ओळ असेल म्हणून मी कान जवळ नेला.
मोजत होतास.
अकराशी अडकून परत लाभपासून.

मागून टेम्पोनं हॉर्न दिला.
मी पेन्सिल कानावरून काढली
आणि पुढचं पोतं घे म्हणालो.
कुणाला म्हणालो, ते ठरवलं नव्हतं.